नळी राहू द्या, आधी फट बघा

मागच्या अंकात कोटिंगच्या यंत्राबद्दल (औषधाचे दाणे हवेच्या धारेने उडवत त्यांवर लेप देणारं यंत्र) दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यावर पाच पत्रं आली, आणि बहुतेक त्यातल्या मधल्या नळीबद्दलची. म्हणून या वेळी साबण, प्रेशर कुकर आणि माठ या सदरातल्या नेहमीच्या विषयांना सुट्टी.

प्रश्न (विलेपार्ले, केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : मॅडम, प्रोजेक्टसाठी स्पाउटेड बेड (खालून हवेची धार सोडून दाण्यांचं कारंजं उडवणारं भांडं) बनवतोय. मध्ये ड्राफ्ट ट्यूब, म्हणजे धारेभोवतीची नळी, उभी केली की हवा कमी लागते असं पुस्तकात आहे. मला ते पटत नाही. नळी म्हणजे अडथळा, वर भिंतीचं घर्षण. मग हवा जास्त लागायला नको का? गाईड नुसतं ‘करून बघ’ म्हणतात.

उत्तर : गाईड बरोबरच सांगतायत. लॅबची वेळ मिळेपर्यंत घरीच बघ. मी हे आमच्या मुलुंडच्या गॅलरीत केलं होतं. कुंडीत त्यानंतर दोनदा मोहरी उगवली, यावरून काय झालं असेल ते समज.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घे, बूड कापून टाक आणि उलटी धर. मानेकडचा उतार हाच आपला शंकू. बुचाला मधोमध दीड सेंटिमीटरचं भोक पाडून त्यावर जुन्या चहाच्या गाळणीची जाळी चिकटव. आत १२ सेंटिमीटर उंचीपर्यंत मोठी मोहरी भर. कॉम्प्युटर साफ करणाऱ्यांकडे वेग कमीजास्त करायचं चाक असलेला ब्लोअर असतो. त्याचं तोंड बुचाला लाव, बाटलीच्या वरच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांध आणि चाक हळूहळू फिरव.

आधी काहीच होत नाही. मग थर मधेच जरा फुगतो, आणि एकदम फुटून मोहरीचं कारंजं उडतं. मधून दाणे वर जातात, वर छत्रीसारखे पसरतात आणि कडेने सावकाश खाली सरकत तळाशी पुन्हा धारेत ओढले जातात. हा झाला स्पाउटेड बेड. मधली वेगवान धार म्हणजे स्पाउट, भोवतीचं सरकतं कडं म्हणजे अ‍ॅन्युलस, वरची छत्री म्हणजे फाउंटन. १९५५ साली कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या माथुर आणि गिशलर यांनी हे प्रसिद्ध केलं, गहू वाळवण्याच्या कामातून. गव्हासारखा जाड दाणा साध्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (तळभर हवा सोडून दाणे उकळत्या पाण्यासारखे हलवतात तो थर) नीट उकळत नाही, मोठमोठे बुडबुडे येऊन थर आदळत राहतो. त्यांनी हवा सगळ्या तळातून न सोडता एकाच भोकातून सोडली. त्यांच्या सूत्रात आपल्या बाटलीची मापं घातली (व्यास १० सेंटिमीटर, दाणा २ मिलिमीटर) तर कारंजं चालू ठेवायला सेकंदाला साधारण ४ लिटर हवा लागते.

आता तुझा प्रश्न. नळी नसताना त्या धारेची भिंत कशाची असते? मोहरीचीच. म्हणजे भोकाभोकांची. हवा वर जाता जाता प्रत्येक उंचीवर कडेच्या दाण्यांत झिरपते. आणि प्रत्येक उंचीवर कडेचे दाणे धारेत घुसतात, त्यांनाही उचलायचं असतं. आमच्या जुन्या चाळीत पाण्याचा पाइप मजल्यामजल्यावर गळायचा. चौथ्या मजल्यावर बादलीभर पाणी पोचवायला खाली केवढा पंप लागायचा! वरच्या माणसाची तहान काही वाढली नव्हती, वाटेतली गळती वाढली होती.

नळी घातली की गळती बंद, आणि वाटेत घुसणारे दाणेही बंद. दाण्यांना आत यायला एकच दार उरतं, नळीच्या खालची फट. घर्षण आहे, ते नाकारत नाही, पण गळतीपुढे ते किरकोळ. लोहार चाळीत (विजेच्या सामानाच्या बाजारात) मिळणारा २० मिलिमीटरचा वायरिंगचा कंड्युट पाइप घे, तीन तारांनी मधोमध टांग, खालचं टोक भोकाच्या वर दोन सेंटिमीटर ठेव. माझ्या ब्लोअरचं चाक नळीशिवाय ४ वर ठेवावं लागत होतं, नळी घातल्यावर २ वर कारंजं चालू राहिलं. आकड्यांत बघ. मोहरीचा दाणा हवेत तोलून धरायला सेकंदाला साधारण ७-८ मीटर वेग लागतो. या पाइपाचं आतलं तोंड सव्वादोन चौरस सेंटिमीटर. सेकंदाला अडीच लिटर हवा त्यातून गेली तरी वेग ११ मीटर होतो, म्हणजे दाणा आरामात वर.

दुसरा फायदा उंचीचा. नळीशिवाय थर वाढवत गेलास तर एका उंचीनंतर कारंजं टिकतच नाही. झिरपून झिरपून वरच्या कडेला इतकी हवा होते की ते कडंच उकळायला लागतं. नळीत ही मर्यादा उरत नाही.

पण फुकट काही नाही. एक दाणा नेलपॉलिशने लाल कर आणि बाटलीच्या भिंतीलगत घड्याळ लावून बघ. नळीशिवाय तो १२ सेंटिमीटर उतरायला मला १५ सेकंद लागले होते, नळी घातल्यावर ४०. फेरा मंदावला, कारण दार एकच. कडं सेकंदाला ३ मिलिमीटरने उतरतंय, क्षेत्रफळ ७५ चौरस सेंटिमीटर, सैल मोहरी घनसेंटिमीटरला साधारण ०.७ ग्रॅम. म्हणजे नळीतून सेकंदाला १६ ग्रॅम मोहरी वर जातेय. हा गुणाकार रिपोर्टात घाल, परीक्षक खूश होतात. मग फट एक सेंटिमीटर कर, तीन कर, आणि तोच लाल दाणा पुन्हा मोज. तुझा प्रोजेक्ट तिथेच आहे.

एक ताकीद. पीठ, साखरेची पूड, हळद यातलं काहीही यात उडवायचं नाही. बारीक पूड हवेत पसरली की ठिणगीने पेट घेते. मोहरीच ठीक.

प्रश्न (तुर्भे, औषध कंपनीत ट्रेनी) : आमच्याकडे वुर्स्टर कोटर (लेप द्यायचं तेच यंत्र) आहे. पेलेट्सवर, म्हणजे औषधाच्या बारीक गोल दाण्यांवर, पाण्यातलं कोटिंग करतो. पावसाळा लागला की बॅचमध्ये गोळे धरतात. एक सीनियर म्हणतात स्प्रे कमी कर, दुसरे म्हणतात कॉलम (मधली नळी) वर घे, तिसरे म्हणतात हवा वाढव. मी नवी आहे, कोणाचं ऐकू?

उत्तर : कोणाचंही ऐकायच्या आधी बाऊलखाली वाक आणि कॉलमच्या खालची फट मोज. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, नाक कापून घेतलं म्हणून सांगतेय.

जुलै १९९४. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी पाळीची इन्चार्ज. माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजी कॉलेजातून शिकून आलेली, सायक्रोमेट्रिक चार्ट (हवेच्या दमटपणाचा आलेख) पाठ. लागोपाठ दोन बॅचमध्ये गोळे झाले, सुपारीएवढे. मी लगेच पावसाला धरलं. कारण तसं खोटंही नव्हतं. बाहेर २८ अंश आणि ८८ टक्के दमट असेल तर एक किलो हवेत २१ ग्रॅम पाणी आधीच असतं. जानेवारीच्या कोरड्या दुपारी हाच आकडा ११ च्या आसपास. दोन्ही वेळा हवा ६० अंशांना तापवून आत सोडली आणि ४२ अंशांना बाहेर काढली, तर ती किलोमागे साधारण साडेसात ग्रॅम पाणीच उचलते, दोन्ही ऋतूंत तेवढंच. फरक पडतो तो बाहेर जाताना. जानेवारीत ती ३६ टक्के दमट असते, जुलैत ५४. म्हणजे पेलेटचं ओलं अंग तेवढंच वाळतं, पण रेंगाळत वाळतं, आणि ओली अंगं एकमेकांना चिकटायला तेवढा वेळ मिळतो.

हे सगळं मी दोन पानांत लिहून काढलं, स्प्रे पाव हिश्श्याने उतरवला, आणि तिसरी बॅचही बिघडली. पहाटे चारला आमच्या मशीनवरचे काका म्हणाले, ‘मॅडम, फट बघितली का?’ बाऊल खाली घेतला. त्यांनी कॉलमखाली बोटं घालून दाखवली. ‘इथं दोन बोटं जायला पाहिजेत. आज एक पण जाईना.’ धुऊन बसवताना कोणीतरी दुसऱ्या प्रॉडक्टचे बुटके स्पेसर (कॉलम उचलून धरणारे तुकडे) लावले होते. माझ्या दोन पानांत फट हा शब्दच नव्हता.

आता फट अरुंद झाली की गोळे का होतात ते बघ. वुर्स्टर म्हणजे मुळात ड्राफ्ट ट्यूबवाला स्पाउटेड बेडच, फक्त तळाला एका भोकाऐवजी जाळीची प्लेट. कॉलमखाली जास्त आणि मोठी भोकं, भोवती कमी आणि बारीक, आणि मधोमध वर तोंड केलेला, लेपाचा द्रव फवारणारा नोझल. डेल वुर्स्टर विस्कॉन्सिन विद्यापीठातले, गोळ्या हवेत तरंगवून लेप द्यायच्या पद्धतीचं त्यांचं पहिलं पेटंट १९५३ चं, म्हणजे माथुर-गिशलर यांच्याही दोन वर्षं आधीचं. दोन टोकांनी दोन वेगळी माणसं एकाच चक्राशी पोचली, गव्हाकडून एक आणि गोळीकडून दुसरी.

नोझलमधून मिनिटाला ठरलेला द्रव येतो. तो कोण झेलणार? फटीतून आत आलेले पेलेट्स. फट अरुंद, तर आत येणारे कमी, तर प्रत्येकाच्या अंगावर जास्त द्रव, आणि उरलेला कॉलमच्या आतल्या भिंतीवर. भिंत ओली झाली की पेलेट तिला चिकटतो, त्याला दुसरा, आणि मग खपली सुटून खाली येते. तोच तुझा गोळा. त्यामुळे गोळा हातात घेऊन बघ. एक बाजू सपाट किंवा किंचित वळलेली, गुळगुळीत असेल तर तो भिंतीवरून आलाय. सगळीकडून द्राक्षाच्या घडासारखा असेल तर बेड ओला आहे, तेव्हा पावसाकडे आणि स्प्रेकडे बघ. ही पारख मला काकांनी शिकवली. नंतर कुठल्याही प्रशिक्षणात ऐकली नाही, पण क्वचितच चुकली.

मग कॉलम वर घ्यायचाच का? तुझे दुसरे सीनियर थोडे बरोबर, पण यालाही शेवट आहे. सायनहून ठाण्याला जायला दोन रस्ते, एलबीएस आणि ईस्टर्न एक्सप्रेस. एकावर गर्दी झाली की रिक्षा-टॅक्सी दुसऱ्यावर वळतात, दोन्हीकडे सारखाच वेळ लागेपर्यंत. बेडमधल्या हवेचंही तसंच. खालून वर जायला दोन वाटा, कॉलममधून किंवा भोवतीच्या कड्यातून, आणि दोन्ही वाटांवरचा दाबाचा उतार सारखाच राहावा लागतो. फट वाढवली की कॉलममध्ये पेलेट्सची गर्दी होते, ती वाट जड होते, आणि हवा मोठ्या फटीतून कड्याकडे सटकते. आता उचलायला माल जास्त आणि हवा कमी. कॉलम धापा टाकायला लागतो. काचेतून बघितलंस तर फाउंटन सलग न दिसता उसळ्या मारताना दिसेल, आणि कड्यात मधूनच बुडबुडे. तिथून मागे फीर.

आणि ‘हवा वाढव’ म्हणणारे तिसरे? आधी फिल्टर बॅग (वरची, बाहेर जाणारी हवा गाळणारी पिशवी) तपासायला सांग त्यांना. तुंबलेली बॅग असेल तर बेडला पुरेशी हवा मिळतच नाही. शिवाय पेलेट फार उंच उडाले की बॅगवर आपटून लेप टवकतो. आमच्याकडे गोळे गेले आणि भुगा आला, असं करून बसलोय आम्ही.

स्पेसरवर प्रॉडक्टचं नाव कोरून घ्या, आणि बॅच रेकॉर्डमध्ये ‘फट, मिलिमीटर’ असा एक रकाना पाडून घ्या. नवीन रकाना म्हटला की क्यूएवाले (गुणवत्ता सांभाळणारे) कपाळाला हात लावतील. लावू देत.

प्रश्न (वसई) : आमचा खाऱ्या शेंगदाण्याचा छोटा धंदा आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दाणे उन्हात वाळवतो, पावसाळ्यात पंचाईत होते. एका फॅब्रिकेटरने स्पाउटेड ड्रायर सुचवलाय, ‘नळीवाला घ्या, वीज वाचेल’ म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : वीज वाचेल हे खरं. दाणे वाळतील का, हे त्याला विचारा.

वर विद्यार्थ्याला सांगितलं तेच उलट्या बाजूने बघा. नळी हवेची गळती थांबवते, पण वाळवण्याच्या कामात ती गळतीच तर उपयोगाची असते. दाणा एका फेऱ्यात बहुतेक सगळा वेळ कड्यात असतो आणि नळीत सेकंदभरही नाही. बंद, म्हणजे बाजूला भोकं नसलेली, नळी लावली की कड्याला गरम हवा कमी मिळते. गव्हासारख्या धान्यात याचा फायदाही करून घेता येतो, कारण दाण्याच्या पोटातलं पाणी सालीपर्यंत यायला वेळ लागतोच. नळीत क्षणभर गरम, मग कड्यात विसावा, असं चक्र त्याला मानवतं. घाईने सतत गरम केलं तर दाणा तडकतो. पण तुमचा दाणा बाहेरून ओला, त्याला आधी भरपूर हवा हवी.

मधला मार्ग आहे, जाळीची नळी. हवा बाजूने झिरपते, दाणे आत येत नाहीत. बाजूला उभे मोठे झरोके ठेवलेली नळीही करतात, त्यातून दाणेही आत येतात. स्पेनमध्ये बिल्बाओच्या बास्क कंट्री विद्यापीठात मार्टिन ओलाझार यांच्या गटाने शंकूच्या बेडमध्ये बंद, सच्छिद्र आणि झरोक्यांची अशा तिन्ही नळ्यांवर पुष्कळ काम केलंय. झरोके जितके मोठे तितका बेड नळीशिवायच्या बेडसारखा वागतो, हवा जास्त खातो आणि जास्त चांगला वाळवतो. म्हणजे वीज की वाळवण, याचा काटा कुठे ठेवायचा ते त्या झरोक्यांवर ठरतं.

पण तुमच्या बाबतीत माझं मत सरळ आहे, नका घेऊ. शेंगदाणा मोठा, त्याला उडवायला वाऱ्याचा जोर लागतो, आणि तो नळीत, वरच्या झाकणावर, एकमेकांवर आपटत फिरतो. सालं निघतील, पाकळ्या होतील. फोडलेल्या दाण्याचा खारा दाणा म्हणून काय भाव येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. साधा ट्रे ड्रायर बघा, तासादीड तासाने ट्रे वरखाली करायला एक माणूस ठेवा. फॅब्रिकेटरला वाईट वाटेल. फारच आग्रह केला तर तुमचेच पाच किलो ओले दाणे घेऊन त्याच्या शेडवर जा, समोर वाळवायला लावा, आणि नंतर पाकळ्या वेगळ्या काढून वजन करा.

प्रश्न (पवई) : आता कॉम्प्युटरवर हवा आणि प्रत्येक दाणा दोन्हीचं गणित मांडता येतं. मग बोटं घालून फट मोजायचा जमाना संपला नाही का?

उत्तर : बाटलीतली मोहरी साधारण अर्धा किलो, म्हणजे लाखाच्या आसपास दाणे. एवढ्यांचा प्रत्येकाचा धक्का, घसरण, गिरकी कॉम्प्युटर सांभाळतो, आणि छान सांभाळतो. नळीच्या तोंडाशी दाणे कसे वळतात हे मला पंचवीस वर्षं नुसतं कल्पून घ्यावं लागलं, ते आता पडद्यावर दिसतं. पण शंभर किलोच्या कोटरमध्ये ०.८ मिलिमीटरचे पेलेट्स पंचवीस कोटी होतात. तिथे मग शेकडो दाण्यांचा एक दाणा मानायचा किंवा सगळ्या मालाला जाड द्रव समजायचं, अशा तडजोडी येतात. त्या करायला हरकत नाही. फक्त त्या गणितात फट किती हा आकडा तुम्हीच भरता. आमच्या त्या रात्री कॉम्प्युटर असता तर त्यालाही मी कागदावरचं ठरलेलं ३५ मिलिमीटरच सांगितलं असतं.

प्रश्न (गिरगाव, निवृत्त शिक्षक) : तुमचा सगळा लेख स्पाउट, अ‍ॅन्युलस, फाउंटन यांनी भरलेला असतो. स्पाउटेड बेडला मराठी शब्द नाही का?

उत्तर : सर, ‘कारंजी थर’ असा एकदा मी घडवून पाहिला होता. कारखान्यात कोणी वापरला नाही, तिथे सगळे ‘स्पाउटर’ म्हणतात. याच सदरात वापरला, तर छापून आला ‘करंजी थर’, आणि तो नेमका दिवाळी अंक. पाकात घातल्यावर थर सुटतात का, अशी तीन पत्रं आली. त्यांतल्या एका बाईंनी रवा आणि तुपाचं प्रमाणही कळवलं होतं. त्या प्रमाणाने करंज्या खरंच चांगल्या होतात.